८ एप्रिल २०१४ : विंडोज एक्सपीची शिबंदी उठली तेव्हा

१/
८ एप्रिल २०१४, मंगळवार. त्या तारखेमुळे जगातला एकही संगणक बंद पडला नाही. एटीएम नेहमीप्रमाणे नोटा मोजत होती, रुग्णालयांतली यंत्रे चालू होती, कार्यालयांतल्या पडद्यांवर तीच हिरवी टेकडी आणि तेच निळे आकाश झळकत होते. तरीही संगणकाच्या इतिहासात हा दिवस नोंदवून ठेवावा असा आहे. विंडोज एक्सपी या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी शेवटची नियमित सुरक्षा-दुरुस्ती प्रसिद्ध केली आणि सुमारे साडेबारा वर्षांचे पालकत्व सोडले. पुढे काय घडले, कोणाला त्याची किंमत मोजावी लागली आणि या कथेतला सर्वांत प्रसिद्ध समज चुकीचा का आहे, हे या धाग्यात पाहू.

२/
आधी एक उपमा, कारण इतिहासप्रेमींना ती लगेच उमजेल. किल्ल्यावरची शिबंदी उठली म्हणून तट त्याच दिवशी कोसळत नाही. बुरूज उभे असतात, टाक्यांत पाणी असते, दरवाजाही लागतो. मात्र पावसाळ्यात एखादा चिरा निखळला तर तो बसवणारे कोणी उरत नाही आणि रात्री कोणी कडा चढून आला तर हाळी देणाराही नसतो. ऑपरेटिंग सिस्टीमचा आधार संपणे हे नेमके असे असते. वस्तू तीच राहते, तिच्यामागे उभी असलेली माणसे निघून जातात.

३/
आता मूळ कथा. २५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी बाजारात आली. त्याआधी मायक्रोसॉफ्टची दोन वेगळी घराणी होती. घरगुती वापरासाठी विंडोज ९५, ९८ आणि एमई; कार्यालयांसाठी एनटी आणि विंडोज २०००. पहिले घराणे वापरायला सोपे, पण वारंवार कोलमडणारे. दुसरे भक्कम, पण सामान्य ग्राहकापासून दूर. एक्सपीने एनटीचा भक्कम पाया घरगुती संगणकात आणला आणि दोन्ही घराणी एका छताखाली आली. तिच्या लोकप्रियतेचे मर्म यात आहे.

४/
ती हिरवी टेकडीही खरी आहे. छायाचित्रकार चार्ल्स ओ'रियर यांनी जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात रस्त्याकडेला थांबून तो फोटो फिल्मच्या कॅमेऱ्याने टिपला. 'ब्लिस' या नावाने तो एक्सपीचे मुखचित्र झाला.

मराठी माणसाचे या प्रणालीशी आणखी एक नाते आहे. एक्सपीच्या भाषाविषयक मांडणीत जाऊन भारतीय लिप्यांचा आधार चालू केला, की मंगल फॉन्टमध्ये युनिकोड देवनागरी उमटत असे. इंटरनेटवर युनिकोडमध्ये मराठी लिहू लागलेल्या पहिल्या पिढीतील अनेकांची अक्षरे याच पडद्यावर जुळली.

५/
आता 'आधार' म्हणजे काय ते पाहू. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कोट्यवधी ओळींची आज्ञावली. इतक्या मोठ्या लिखाणात चुका राहतातच. त्यांतल्या काही चुकांतून परक्याला आत शिरता येते. अशी वाट सापडली की ती बुजवणारा छोटा तुकडा कंपनी तयार करते. त्यालाच आपण पॅच म्हणतो. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने असे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देण्याचा प्रघात पाडला. थोडक्यात, आधार म्हणजे दर महिन्याला होणारी तटबंदीची डागडुजी.

६/
हा प्रघात पडण्यामागे एक कटू अनुभव होता. १६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने एका गंभीर त्रुटीवर पॅच दिला. ११ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या २६ दिवसांनी, त्याच त्रुटीतून 'ब्लास्टर' नावाचा कृमी जगभर पसरला. एक्सपीचे संगणक साठ सेकंदांची उलटी गणती दाखवत आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत. औषध उपलब्ध होते, पण लोकांनी ते घेतले नव्हते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याची पुन्हा गरज पडेल.

७/
पुढच्या वर्षी हेच पुन्हा घडले. १३ एप्रिल २००४ रोजी पॅच आला आणि महिनाअखेर 'सॅसर' कृमी अवतरला. ब्रिटनच्या तटरक्षक केंद्रांना त्या काळात कागदी नकाशांकडे वळावे लागले. त्याच ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा 'सर्व्हिस पॅक २' आणला. त्यात फायरवॉल पहिल्यापासून चालू ठेवलेली होती. आज ही गोष्ट आपण गृहीत धरतो. तोवर मात्र घराला दार होते, पण घर ताब्यात देताना ते उघडे ठेवून दिले जाई. एक्सपीला दीर्घायुष्य लाभले ते या दुसऱ्या बांधणीमुळे.

८/
मग अंत का? ऑक्टोबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या उत्पादनांच्या आयुर्मानाचे धोरण जाहीर केले. ढोबळ हिशेब असा : पाच वर्षे पूर्ण आधार, त्यानंतर पाच वर्षे केवळ सुरक्षेची डागडुजी. एक्सपीचा पूर्ण आधार १४ एप्रिल २००९ रोजी संपला आणि उरलेला ८ एप्रिल २०१४ रोजी. म्हणजे ही अखेर अचानक आलेली नव्हती. तारीख अनेक वर्षे आधीपासून जाहीर होती. तरीही तो दिवस उजाडला तेव्हा जगातील सुमारे पाव हिस्सा डेस्कटॉप संगणक एक्सपीवरच चालत होते.

९/
लोक एवढे चिकटून का राहिले? पहिले कारण वारसदाराचे. २००७ च्या आरंभी आलेली विंडोज व्हिस्टा जड होती, तिला अधिक सामर्थ्याचे यंत्र लागे आणि जुने प्रिंटर-स्कॅनर तिच्याशी जुळत नसत. त्याच वर्षी स्वस्त, छोट्या नेटबुकांची लाट आली. त्या किरकोळ यंत्रांना व्हिस्टा पेलवेना, म्हणून मायक्रोसॉफ्टला एक्सपीची विक्री लांबवावी लागली. नव्या संगणकांवर ती ऑक्टोबर २०१० पर्यंत मिळत राहिली. म्हणजे शेवटच्या ग्राहकांच्या वाट्याला जेमतेम साडेतीन वर्षांची डागडुजी आली.

१०/
दुसरे कारण अधिक खोल आहे. रुग्णालयातील तपासणी यंत्र, कारखान्यातील नियंत्रण संच किंवा बँकेचे एटीएम ही काही दोन-चार वर्षांसाठी घेण्याची वस्तू नव्हे. तिच्या पोटातला संगणक मात्र दहा वर्षांच्या आधाराचा. यंत्र बनवणाऱ्याने नवी आज्ञावली दिली नाही, तर खरेदीदार स्वतः ती बदलू शकत नाही.

आपल्याकडच्या छपाई व्यवसायातही हीच गाठ होती. पेजमेकर, श्रीलिपी यांसारख्या आज्ञावल्या आणि त्यांच्यासाठी बसवलेले जुने फॉन्ट यांवर सारे काम बेतलेले असे. संगणक बदलायचा म्हणजे वर्षानुवर्षांच्या फायली आणि हाताची सवय दोन्ही बदलायच्या.

११/
आता आधार संपल्यावर धोका कसा वाढतो ते नीट समजून घेऊ, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. 'जुन्या प्रणालीतल्या चुका तर बारा वर्षांत दुरुस्त होऊन गेल्या असतील, आता ती अधिक सुरक्षित नाही का?' असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे की नवी विंडोज कोऱ्या पाटीवर लिहिली जात नाही. तिच्यात जुन्या आज्ञावलीचा मोठा वारसा असतो. विंडोज ७ मध्ये आज सापडलेली चूक अनेकदा एक्सपीतही मुळापासून दडलेली असते.

१२/
मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये यासंबंधी स्वतःचे आकडे दिले होते. जुलै २०१२ ते जुलै २०१३ या काळात कंपनीच्या ४५ सुरक्षा-निवेदनांत एक्सपीचा समावेश होता आणि त्यांपैकी ३० निवेदने विंडोज ७ आणि ८ यांनाही लागू होती.

याचा परिणाम काय? नव्या विंडोजसाठी पॅच आला, की हल्लेखोर पॅचच्या आधीची आणि नंतरची फाईल शेजारी ठेवून फरक तपासतो. चूक कुठे होती ते त्याला कळते. तीच चूक तो एक्सपीत शोधतो. तिथे मात्र दुरुस्ती कधीच येणार नसते. नव्या किल्ल्याची डागडुजी जुन्या किल्ल्याच्या चोरवाटेचा नकाशा ठरते.

१३/
परीक्षा लगेचच आली. २६ एप्रिल २०१४ रोजी इंटरनेट एक्सप्लोररमधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि तिचा गैरवापरही सुरू झालेला होता. एक्सपीचा आधार संपून तीन आठवडेही झाले नव्हते. मायक्रोसॉफ्टने १ मे रोजी पॅच दिला आणि तो एक्सपीलाही दिला. वापरकर्त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण यातून एक घातक संदेश गेला : अंतिम तारीख फारशी अंतिम नसते. ज्यांना बदल लांबणीवर टाकायचा होता त्यांना निमित्त मिळाले.

१४/
ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्यासाठी ती तारीख खरोखरच अंतिम नव्हती. ब्रिटनच्या सरकारने सुमारे ५५ लाख पौंड मोजून आपल्या सार्वजनिक यंत्रणांसाठी एका वर्षाचा खास आधार विकत घेतला. नेदरलँड्सनेही असा करार केला. अमेरिकी नौदलाने २०१५ मध्ये सुमारे ९१ लाख डॉलरचा करार केला, कारण तिचे सुमारे एक लाख संगणक एक्सपी आणि तत्सम जुन्या उत्पादनांवर अवलंबून होते.

म्हणजे पॅच तयार होत होते, पण ते सर्वांसाठी नव्हते. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्यासाठी एक्सपी मृत होती, नौदलासाठी ती जिवंत होती. 'आधार संपला' हे तांत्रिक विधान वाटते. प्रत्यक्षात ते आर्थिक विधान आहे.

१५/
इथे कोणी विचारेल, मग लोकांनी आपापली दुरुस्ती का केली नाही? कारण विंडोजची मूळ आज्ञावली बंद कुलपात असते. किल्लीही मालकाकडे आणि गवंडीही मालकाचाच. मुक्त आज्ञावलीत निदान दुसरा गवंडी बोलावता येतो. पण तिथेही फुकटचे अमरत्व नाही. त्याच एप्रिल २०१४ मध्ये आलेल्या उबंटू १४.०४ या दीर्घकालीन आवृत्तीचा सर्वसाधारण आधार पाच वर्षांनी, एप्रिल २०१९ मध्ये संपला. राखणदारीला माणसे लागतात आणि माणसांना वेळ आणि वेतन लागते. हा नियम दोन्हीकडे सारखा आहे.

१६/
आता या कथेतले सर्वांत गाजलेले प्रकरण. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने फाईल-देवाणघेवाणीच्या एका जुन्या पद्धतीतील त्रुटीवर पॅच दिला. तो आधार चालू असलेल्या आवृत्त्यांसाठीच होता. बरोबर एका महिन्याने, १४ एप्रिलला, 'शॅडो ब्रोकर्स' या टोळीने अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची, म्हणजे एनएसएची, चोरलेली हत्यारे इंटरनेटवर उघडी केली. त्यांत 'इटर्नलब्लू' हे हत्यार होते आणि ते याच त्रुटीतून आत शिरत असे. हेरसंस्थेने ही चूक स्वतःच्या उपयोगासाठी जपून ठेवली होती.

१७/
१२ मे २०१७, शुक्रवार. 'वॉनाक्राय' जगावर कोसळला. संगणकातल्या फायली कुलूपबंद होत आणि पडद्यावर ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरण्याची मागणी येई. तीन दिवसांत न भरल्यास ६०० डॉलर. कोणी चुकीच्या दुव्यावर टिचकी मारण्याचीही गरज नव्हती. एका यंत्रातून तो आपोआप दुसऱ्यात शिरे. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने बाधित केले. भारतात 'सर्ट-इन' या शासकीय संस्थेने तातडीचा इशारा दिला.

त्याच दिवशी मार्कस हचिन्स या तरुण ब्रिटिश संशोधकाला कृमीच्या आज्ञावलीत एक विचित्र, कोणाच्याच नावावर नसलेला संकेतस्थळाचा पत्ता दिसला. त्याने काही डॉलर खर्चून तो नोंदवला. तो पत्ता म्हणजेच कृमीचा लगाम निघाला आणि प्रसार ओसरला.

१८/
सर्वाधिक यातना झाल्या त्या ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला, एनएचएसला. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८१ आरोग्य-न्यासांना आणि ५९५ डॉक्टरांच्या दवाखान्यांना फटका बसला. हजारो रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. कर्करोगाच्या संशयावरून तातडीने तपासणीसाठी पाठवलेल्या किमान १३९ रुग्णांच्या भेटीही त्यांत होत्या. पाच भागांत तातडीच्या उपचारांसाठी रुग्णांना दूरच्या रुग्णालयात जावे लागले. नंतर शासनाने एकूण खर्चाचा अंदाज ९ कोटी २० लाख पौंड इतका दिला.

लक्षात घ्या, २०१५ मध्ये तो ५५ लाख पौंडांचा खास करार वाढवण्यात आला नव्हता.

१९/
आणि आता तो गैरसमज. 'एनएचएसने एक्सपी वापरली म्हणून घात झाला' हे वाक्य तेव्हापासून शेकडो लेखांत आले आहे. पुरावा वेगळे सांगतो. हल्ल्याच्या वेळी एनएचएसमधील एक्सपी यंत्रांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी होते. बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ वर चालत होते. तिचा आधार चालू होता, पॅच जवळपास दोन महिने आधी आलेला होता, मार्च आणि एप्रिलमध्ये सूचनाही गेल्या होत्या. पॅच बसवलाच गेला नव्हता. उलट संशोधकांच्या चाचण्यांत असे दिसले की एक्सपीवर हा कृमी अनेकदा नीट चालतच नसे. यंत्र निळा पडदा दाखवून कोलमडत असे.

ब्लास्टरच्या वेळचे ते वाक्य आठवा : औषध उपलब्ध होते.

२०/
मग एक्सपी निर्दोष ठरते का? तसेही नाही. ज्या संस्थेत काही यंत्रे बदलताच येत नाहीत, तिथे त्या यंत्रांच्या सोयीसाठी संपूर्ण जाळ्यात जुन्या पद्धती चालू ठेवाव्या लागतात. इटर्नलब्लू ज्या फाईल-पद्धतीतून शिरत असे, ती एक्सपीच्याही आधीच्या काळातली होती आणि नव्या विंडोजमध्ये सवयीने चालू राहिली होती. शिवाय 'हे यंत्र चालते आहे, हात लावू नका' ही वृत्ती एकदा रुजली, की ती केवळ जुन्या यंत्रांपुरती राहत नाही. आधार संपलेली प्रणाली आणि आधार असूनही दुर्लक्षिलेली प्रणाली यांतला फरक हल्लेखोराच्या दृष्टीने शून्य असतो.

२१/
वॉनाक्रायनंतर मायक्रोसॉफ्टने पुन्हा शब्द मोडला आणि एक्सपीसाठी तो पॅच सर्वांना मोफत दिला. दोन दिवसांनी कंपनीचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी सरकारांना जाहीरपणे सुनावले. हेरसंस्थेकडून असे हत्यार चोरीला जाणे म्हणजे सैन्याची टॉमाहॉक क्षेपणास्त्रे चोरीला जाण्यासारखे आहे, असा त्यांचा आशय होता. पण कंपनीलाही प्रश्न विचारता येतो : पैसे देणाऱ्यांसाठी जो पॅच तयार करता येत होता, तो इतरांना हल्ला झाल्यावरच का मिळाला? दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

२२/
सहा आठवड्यांनी याची झळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत आली. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीतून 'नॉटपेट्या' पसरला. त्यानेही इटर्नलब्लू वापरले. शिवाय पासवर्ड चोरून तो पॅच बसवलेल्या यंत्रांतही शिरे. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार ठप्प झाला आणि त्याबरोबर न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही थांबले. मर्स्कला दहा दिवसांत सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. युक्रेनमध्ये पडलेल्या ठिणगीने उरणमध्ये कंटेनरची रांग लागली.

२३/
भारतातील एटीएमचा इतिहासही इथे जोडला जातो. एक्सपीचा आधार संपून चार वर्षे उलटल्यावरही अनेक एटीएम तिच्यावर किंवा तशाच आधारहीन प्रणालींवर चालत होती. अखेर २१ जून २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना वेळापत्रकच आखून दिले. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएमवर आधार चालू असलेली प्रणाली हवी. युएसबीची तोंडे बंद करणे यांसारख्या उपायांसाठी तर ऑगस्ट २०१८ ची मुदत होती. निर्मात्याने जाहीर केलेली तारीख पुरेशी ठरली नाही. नियामकाची तारीख यावी लागली.

२४/
एक्सपीची अखेर केवळ हल्ल्यांनी झाली नाही. ती शांतपणे, एकेका दाराने झाली. क्रोमने एप्रिल २०१६ मध्ये तिचा आधार सोडला, फायरफॉक्सने २०१८ मध्ये. इंटरनेट एक्सप्लोररची एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती होती आठवी. सुरक्षित संकेतस्थळांनी नव्या कूटपद्धती स्वीकारल्या तशी तिला त्यांची भाषाच कळेनाशी झाली. संगणक चालू आहे, इंटरनेट जोडलेले आहे, पण बँकेचे पान उघडत नाही, अशी अवस्था. मे २०१९ मध्ये 'ब्लूकीप' या त्रुटीच्या भीतीने मायक्रोसॉफ्टने तिला आणखी एक पॅच दिला. सप्टेंबर २०२० मध्ये एक्सपीची मूळ आज्ञावलीच इंटरनेटवर फुटली. कुलूप उघडले, पण तोवर वाड्यात फारसे कोणी राहत नव्हते.

२५/
हे सारे आज का सांगायचे? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवली आहे. या वेळी एक नवी अडचण आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि ठरावीक पिढीपुढचे प्रोसेसर लागतात, त्यामुळे ठणठणीत चालणारी कितीतरी यंत्रे नव्या आवृत्तीसाठी अपात्र ठरतात. एक्सपीच्या वेळी लोक पुढे जायला तयार नव्हते. आता काहींना तयारी असूनही पुढे जाता येत नाही.

२६/
आणि शेवटी आपल्यासारख्यांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या मराठी मजकुरात खरी देवनागरी नसतेच. फाईलमध्ये रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा चढवतो. तो फॉन्ट गेला, की 'शिवकालीन पत्रे' या शीर्षकाच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे उरतात. कागदावरचे मोडी पत्र तीनशे वर्षांनी जाणकाराला वाचता येते. वीस वर्षांपूर्वीची फाईल मात्र योग्य यंत्र आणि योग्य फॉन्ट नसेल तर मुकी होते.

२७/
आपल्या गावात एखादे ज्येष्ठ अभ्यासक असतील. वंशावळी, शिलालेखांचे वाचन, स्थानिक बखरींची टिपणे त्यांनी वर्षानुवर्षे एका जुन्या संगणकावर टंकून ठेवली असतील. तो संगणक अजून चालतो, म्हणून कोणाला चिंता वाटत नाही. ८ एप्रिल २०१४ च्या सकाळीही कोणाला वाटत नव्हती. त्यांची परवानगी घेऊन एका रविवारी जा. यंत्र इंटरनेटला जोडू नका. फायलींच्या दोन प्रती करा, एक दुसऱ्या ठिकाणी ठेवा. फॉन्टच्या फायलीही सोबत घ्या. प्रत्येक लेखाची पीडीएफ करा, मग मजकूर युनिकोडमध्ये आणून त्यांच्याच शेजारी बसून तपासा.

शिबंदी उठलेल्या किल्ल्यातून दफ्तर वेळेवर बाहेर काढणारेही कोणी असावे लागते. असे एखादे दफ्तर तुमच्या माहितीत असेल, तर या धाग्याखाली जरूर लिहा.